स्टिअरिंगचा दोष

होबर्ट टॅकेटच्या आवारातलं गवत बघायला लोक गाडीचा वेग कमी करत. एक पट्टा गडद, त्याच्या शेजारचा फिकट, मग पुन्हा गडद, असे ते पट्टे घरापासून निघून तळ्याच्या उतारापर्यंत सुतात गेलेले असत. होबर्टने उभं आयुष्य काउंटीच्या रस्त्यांवर माती सपाट करणारा ग्रेडर चालवला आणि निवृत्त होताना सरळ रेघेचं वेड तेवढं घरी आणलं. त्याची बायको ग्लेंडा म्हणायची, हा माणूस झोपेत कूस बदलतो तीसुद्धा ओळंबा लावून.

केंटकीच्या त्या डोंगराळ पट्ट्यात पुरुषाची परीक्षा त्याच्या गवतावरून होते. बँकेत काय आहे, पोरं कुठवर शिकली, हे नंतर. आणि एखाद्याचं गवत दुसरं कुणी कापायला लागलं, म्हणजे त्याचं आवरत आलं असं धरून चालतात. जोडी बेल्चर आजारी पडला तेव्हा चर्चमधले चौघे न सांगता आपापली यंत्रं घेऊन त्याच्या दारी गेले होते. चांगुलपणानेच गेले होते. जोडी खिडकीत बसून बघत राहिला आणि पानगळीच्या आत गेला. होबर्ट त्या चौघांत होता. परत येऊन ग्लेंडाला म्हणाला, "माझ्या दारात असं कुणी आलं तर मी बंदूक काढेन." तो हसला नाही, म्हणून तीही हसली नाही.

झाकायचं कसं हे ग्लेंडाला शिकवावं लागलं नव्हतं. तिचा बाप प्यायचा, आणि तिची आई दारात आलेल्याला सांगायची की त्यांची पाठ धरली आहे. बापाची पाठ वीस वर्षं धरलेलीच होती. पुढे ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिथेही कुणाचा भात करपला, कुणी खारट केलं, तर ती गुपचूप सावरून घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती त्यावरच जगत आली होती. बाई चांगलीच होती, वाईट एवढंच की या गुणाचं सगळ्यांनी कौतुक केलं.

हिवाळ्यात एकदा जेवताना होबर्टचा काटा ताट आणि तोंडाच्या मध्ये थांबला. डोळे उघडे, ओठ मात्र काहीतरी चघळत असल्यासारखे हलत होते. तिने दोनदा हाक मारली. मग तो म्हणाला, "ऐकतोय की," आणि घास तोंडात घातला. ऐकत नव्हता हे तिला स्पष्ट दिसलं होतं. पुढे चर्चमध्ये भजन चालू असताना तेच झालं. तिने त्याच्या हातातलं पुस्तक सावरलं आणि त्याच्या वाटचं मोठ्याने गायली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

ईस्टर होऊन गेल्यावरची गोष्ट. ग्लेंडा भांडी घासत होती आणि होबर्ट जुन्या मोअरवर बसून गवत कापत होता. पट्टा संपला, तिथे तो वळायला हवा होता. वळला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, पाठ ताठ, आणि यंत्र सरळ तिच्या पिओनीच्या वाफ्यात शिरलं. तिच्या आईकडून आणलेली मुळं होती ती, नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. कळ्यांचे तुकडे उडवत ते पलीकडे गेलं आणि कुंपणाच्या तारेला टेकलं. चाकं तिथल्या तिथे माती उकरत राहिली, आणि होबर्ट बसून होता. पट्टा थोडा डावीकडे असता तर पुढे कुंपण नव्हतं, तळं होतं.

ती ओल्या हातांनी धावत पोचली तोवर त्याने इंजिन बंद केलं होतं. त्याने आधी वाफ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"स्टिअरिंग अडकलं," तो म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण सरळ होतं आणि नाचणाराही एकेकाळी नंबर एकचा होता, म्हणून तर खरं कुणाच्या तोंडून निघेना. ग्लेंडा म्हणाली, "जुनंच झालंय ते." आणि कळ्या गोळा करायला बसली.

मोअर लोनी कॉम्ब्सकडे गेला. लोनी आपल्या खळ्यात यंत्रं दुरुस्त करायचा. पोरवयापासून होबर्टला मानणारा माणूस. नवा भाग बसवून त्याने मोअर परत पाठवला. नंतर चर्चमधल्या रविवारच्या जेवणात ग्लेंडाने त्याला कोपऱ्यात गाठून विचारलं, नेमकं काय बिघडलं होतं. लोनी ताटातल्या बीन्सकडे बघायला लागला.

"मिस ग्लेंडा, खरं सांगू? स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं."

"मग त्याला काय सांगितलंस?"

"झिजलंय म्हणालो." लोनीने आवाज खाली आणला. "ते माझ्यासमोर उभे होते. 'झिजलंच असणार ना रे, लोनी?' असं म्हणाले. या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मी कसं नाही म्हणणार होतो?"

ग्लेंडाने त्याच्या दंडावर थोपटलं आणि त्याला आणखी कॉर्नब्रेड वाढला. राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्याच्या जागी तिनेही तेच केलं असतं. त्या गावात एकमेकांना जपायची जी रीत आहे, तिच्यापायी माणूस एखाद दिवशी तळ्यात जाईल आणि सगळे म्हणतील, किती सरळ होता.

मेच्या सुरुवातीला अक्रोडाचं कोवळं झाड मोअरखाली गेलं. या वेळी होबर्टने लोनीचं नाव घेतलं, याने ठिगळं लावून दिलीत म्हणाला, आणि नवा मोअर घ्यायचं ठरवलं. मुलगी क्रिस्टा डेकोरेशनच्या रविवारी येणार होती, थडग्यांवर फुलं वाहायला, पाच वर्षांच्या पेस्लीला घेऊन. पॅपॉने, म्हणजे आजोबाने, नातीला फोनवर कबूल केलं होतं की नव्या यंत्रावर पहिली फेरी तिची. तिकडे पोरं चालायला लागण्याआधी आजोबाच्या मांडीवर बसून मोअर चालवतात. क्रिस्टाही तशीच वाढली होती. फोन ठेवल्यावर ग्लेंडाने त्या रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

मोअरचं दुकान काउंटीच्या मुख्य गावी होतं. मागच्या पटांगणात यंत्रं ओळीने मांडलेली. विकणारा कोडी नावाचा तरुण होता, बोलायला गोड, पण कामाचं विचारणारा. आवार किती, उतार कसा, झाडं किती, पाणी जवळ आहे का. होबर्टने सगळ्याची चोख उत्तरं दिली. मग कोडीने विचारलं, जुन्याला काय झालं.

"स्टिअरिंग," होबर्ट म्हणाला.

ग्लेंडा तिथेच होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

होबर्टची नजर दोन दांड्यांच्या यंत्रावर गेली. हे जागच्या जागी वळतं, निम्म्या वेळात काम उरकतं. दोन्ही दांड्या पुढे ढकलल्या की पुढे, मागे ओढल्या की मागे. तो चढून बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर तिने किती दिवसांत न पाहिलेला आनंद दिसला.

"याला स्टिअरिंगच नाही," तो तिला म्हणाला. "अडकायला काही उरलंच नाही बघ."

कोडीने मान हलवली. उतार आणि पाणी असेल तर मी हे देणार नाही, म्हणाला. पुढची चाकं मोकळी फिरतात, ओल्या गवतावर घसरलं की आवरत नाही. तुमच्या आवाराला स्टिअरिंगच्या गोल चाकाचं, हळू जाणारंच बरं. ग्लेंडाने पर्स मिटली.

"आणि चालवणारा मध्येच पडला तर?" तिने विचारलं.

"सीटखाली बटण असतं, मॅडम. वजन उठलं की इंजिन बंद. दोन्ही प्रकारांत."

"नाही पडला तर? नुसता बसून राहिला तर?"

कोडीला हसू आलं. "बसून राहिला तर चालतच राहणार. बसूनच चालवायचं यंत्र आहे ते."

होबर्टने दांड्यांवरचे हात काढले नाहीत. त्याने ग्लेंडाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. विनवणी होती. तिला वाटलं, आता बोलावं. कोडी परका आहे, परक्यासमोर सोपं जाईल. पण समोर चाळीस वर्षं संसार केलेला नवरा बसला होता आणि त्याला चार लोकांत उघडं पाडायला तिची जीभ वळेना. इकडे आड, तिकडे विहीर. मग तिने जन्मभर केलं तेच केलं. म्हणाली, मला गोल चाकाचंच हवं, अधूनमधून मीही चालवेन, दांड्यांनी माझे खांदे दुखतील.

"तू?" होबर्ट म्हणाला. "तुला गाडी मागे घेताना पोस्टाची पेटी दिसत नाही."

"पेटी एकदाच पाडली."

"दोनदा."

कोडी हसला, होबर्टही हसला आणि खाली उतरला. गोल चाकाचं, हळू जाणारं यंत्र ठरलं. ग्लेंडाला दुकानातून निघेपर्यंत वाटत होतं की आपण जिंकलो. अर्ध्या वाटेवर, तो गुणगुणत गाडी चालवत असताना, तिच्या लक्षात आलं की आपण त्याला वाचवलं नाही, आपण त्याला आणखी एक यंत्र घेऊन दिलं. आणि गाडीचं चाकही त्याच्याच हातात आहे. घर येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत, त्याच्या मनगटाजवळ हात ठेवून बसली.

पुढचे दिवस तो कापायला निघाला की ती काहीतरी निमित्त काढून बाहेर येई. कपडे वाळत घाल, तण उपट. तो तळ्याकडे वळला की तिचे हात थांबत, घराकडे वळला की पुन्हा कामाला लागत. काही झालं नाही. नाही झालं, तेच तिला जास्त भीती घालत होतं.

डेकोरेशनच्या रविवारी क्रिस्टा आणि पेस्ली दुपारी पोचल्या. ग्लेंडा बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन ओसरीवर आली, तेव्हा यंत्र सुरू झालेलं होतं. होबर्ट वर बसला होता, पेस्ली त्याच्या मांडीवर, तिचे हात चाकावर आणि त्याचे हात तिच्या हातांवर. क्रिस्टा ओसरीच्या कठड्याला टेकून फोटो काढत होती. खाली पाती फिरायला लागली आणि आवाज जड झाला. समोरचा पट्टा तळ्याकडे जात होता.

ग्लेंडाने भांडं पायरीवर ठेवलं. ती धावली नाही, पण थांबलीही नाही. गवत तुडवत ती यंत्राच्या पुढे जाऊन उभी राहिली. होबर्टने ब्रेक दाबला, पाती थांबवली.

"बाजूला हो, ग्लेंडा."

"पोरीला दे इकडे."

"एकच फेरी. कबूल केलंय तिला."

"स्टिअरिंगला काही झालं नव्हतं, होबर्ट."

इंजिनच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं की नाही, तिला कळेना. पुन्हा म्हणायला ती यंत्राच्या आणखी जवळ गेली. मग तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि तरी हिला मांडीवर घेतलंस?"

"ही मांडीवर असली की येत नाही ते." त्याने हे अगदी समजावून सांगितलं, हवापाण्याचं सांगावं तसं. "ईस्टरला घेऊन बघितलं होतं. तेव्हा नाही आलं."

 ईस्टरला ग्लेंडाने स्वतः तळ्याच्या काठावर उभं राहून या दोघांचा जुन्या मोअरवरचा फोटो काढला होता. हस बघू, म्हणाली होती. थांबलेला काटा आणि हलणारे ओठ तेव्हा तिनेही बघितलेले होते.

तिने हात पुढे केले. होबर्टने पेस्लीला उचलून दिलं, पोर कुरकुरली, फेरी कुठे झाली म्हणून. ग्लेंडाने तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

"ममा, काय झालं?" क्रिस्टाने ओसरीवरून विचारलं. "नवीनच बिघडलं का?"

उत्तर ग्लेंडाच्या तोंडात तयार होतं. हो गं, काहीतरी अडकतंय, कोडीला फोन करू. तिने ते गिळलं. वाकून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. मग बोलली तेव्हा तिचा आवाज सगळ्या आवारात गेला.

"यंत्राला काही झालेलं नाही. तुझ्या वडिलांचं भान जातं मधूनमधून. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं."

क्रिस्टा फोन हातात तसाच धरून पायऱ्या उतरली. ग्लेंडा नवऱ्याकडे वळली. रागावला असेल, रडत असेल, काहीही चाललं असतं. तो सीटवर ताठ बसला होता, हात चाकावर, नजर तळ्याकडे.

"होबर्ट," तिने हाक मारली.

त्याने नजर तळ्यावरून काढली नाही. शरमेने गप्प आहे की इथे नाहीच, हे तिला कळेना, म्हणून पोरीला क्रिस्टाकडे देऊन ती त्याचे ओठ हलतात का ते बघायला पुढे झाली.