शिस्तीची कीड

सदर भागातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानदाराने शंभर वर्षं जुना म्हणून एक तंबोरा दाखवला, तेव्हा पारख करायला मी गाण्याच्या मास्तरांना सोबत नेलं. टरबूज घेताना मारतात तशा टिचक्या त्यांनी भोपळ्यावर मारल्या, दांडी हुंगली आणि लाकडातल्या किडीच्या भोकांवर बोट ठेवलं. म्हणाले, "घेऊन टाक. माणूस खोटं बोलते, कीड नाही बोलत गा."

भोकं एकाच मापाची होती आणि रांगेत उभी होती. किडीला कवायत कोणी शिकवली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तंबोरा घेतला. घरी भोकं पाडायच्या गिरमिटाचं टोक घालून पाहिलं, तर प्रत्येक भोकात चपखल बसलं.

तीन वर्षांनी त्याला खरीच कीड लागली. खाली पडलेला भुसा पाहून मास्तर हरखले.

"पाह्य, तुले म्हटलं होतं ना!"