एकच कॅज्युअल्टी

मी आर्मीत नर्सिंग असिस्टंट होतो. उंचावरच्या पोस्टवर डॉक्टर नसतो, म्हणून जवान मलाच डॉक्टरसाहेब म्हणत. आता विरारला फुलपाड्यात राहतो. शेजारीपाजारी एक्स-रे घेऊन येतात आणि विचारतात, "हाड मोडलं नाही ना? नुसतं फ्रॅक्चरच आहे ना?" दोन्ही एकच, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. सांधा निखळला तर डिसलोकेशन. हाड मोडलं तर फ्रॅक्चर. कातडी फाटून हाड बाहेर आलं तर ओपन, कातडी शाबूत असेल तर क्लोज्ड. ओपन बघून माणसं घाबरतात. मला क्लोज्डची भीती वाटते.

शेवटच्या पोस्टिंगला माझ्याबरोबर नाईक हरेश होता, अर्नाळ्याचा, घरची मासेमारी. आईने पाठवलेले सुके बोंबील तो स्टोव्हवर भाजायचा. वासाने अख्खी पोस्ट शिव्या घालायची आणि खायला सगळे हजर असायचे.

त्या सकाळी तो एका शिपायाला घेऊन रेशन आणायला नाल्यात उतरला. दहाच्या सुमारास वरून दगड सुटले. वायरलेस सेटवर हरेशचाच आवाज आला.

"एक कॅज्युअल्टी. नडगी, ओपन फ्रॅक्चर. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"तू ठीक आहेस? ओव्हर."

"ठीक. ओव्हर."

एक कॅज्युअल्टी, म्हणजे एकच जखमी, म्हणून आम्ही एक स्ट्रेचर आणि मोडलेला पाय ताणून धरायचा एक स्प्लिंट घेऊन उतरलो. शिपाई कपारीखाली ओरडत होता. नडगीचं हाड बाहेर दिसत होतं. शेजारी हरेश गप्प बसला होता. त्याने स्वतःच्या मांडीला रायफल बांधली होती, जाळ्याच्या दोराला मारतात तशी गाठ मारून.

त्यांच्या होडीवर हाच रिवाज होता. लागलं तर बांधून घ्यायचं आणि जाळं आत आलं की मग बोलायचं. मांडीचं हाड, म्हणजे फीमर, मोडलेलं असताना त्याने शिपायाला खुरडत खुरडत दगडांच्या वाटेतून बाहेर ओढलं होतं. प्रत्येक ओढीला हाडाची टोकं आतल्या आत कापत गेली. कातडीवर साधा ओरखडा नव्हता. मांडी मात्र दुप्पट झाली होती. एका मांडीत लिटरभराहून जास्त रक्त मावतं.

"सेटवर का नाही सांगितलंस?"

"आधी त्याला न्या, दादा. माझी नुसती मांडी हाय."

स्प्लिंट आणि सलाईन मी हरेशला लावलं. शिपायाची नडगी फळीने बांधली. हेलिकॉप्टर मागितलं. खाली ढग होते. "वेट. आउट." एवढंच उत्तर आलं. हरेशने पाणी मागितलं. पुढे ऑपरेशन लागणार, म्हणून पाजता येत नव्हतं; नुसते ओठ ओले केले. ढग हटले तेव्हा शिपाई तेवढा जिवंत होता.

मला रडू आलं नाही. मी स्प्लिंट सोडवला, पुसला आणि जागेवर ठेवला. पुढे बरेच महिने माझं सगळं असंच चाललं होतं.

गेल्या थंडीत हरेशच्या शेजाऱ्याचा अर्नाळ्याहून फोन आला. "मावशी पडलीय. पन कायच नाय झालं म्हनते." मी जेवण अर्धवट टाकून निघालो.

हरेशची आई किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांडीखाली पालथ्या टबावर बसून बोंबील निवडत होती. एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. म्हणजे खुबा मोडला होता. त्या मांडीला तिने बांबू बांधला होता. गाठ मी ओळखली.

"मावशी, हलायचं नाही."

"येवढे बोंबील आवरू दे. मंग जाऊ."

"हरेशपण असंच म्हणाला होता."

तिच्या हातातला बोंबील खाली आला. हरेश दगड लागून गेला, एवढंच तिला माहीत होतं.

"त्याचा कोनता हाड होता?"

"हेच. जरा खाली."

"बांधला होता त्यानं?"

"हो. अशीच गाठ मारून."

ती गाठीकडे बघत राहिली. "मीच शिकवली त्याला," ती म्हणाली. मग मागे टेकली. "दुखते रे. लय दुखते. ने मला."

ऑपरेशन झालं. आता ती वॉकर धरून वलांडीपर्यंत जाते. मी फोन केला की कुठे दुखतं ते सरळ सांगते, कधी कधी तर सांगतच सुटते. मी सगळं ऐकून घेतो. त्या दिवशी सेटवर हरेशकडून मला तेवढंच ऐकायचं होतं.