बुडवलेला नायक

हळद शिजवल्याचा वास आला की लोहा तालुक्यातलं, गावानं मिळून पिकवलेलं ते शेत आठवतं आणि माझी मान खाली जाते. तिथल्या खोपीत गावाच्या पुस्तकांचं कपाट होतं; त्यातलं पुस्तक नेणाऱ्यानं पुढच्या खेपेला हळद वेचणाऱ्या बायांना त्याची गोष्ट सांगायची, असा रिवाज होता. मी शिक्षक, कादंबरी नेली आणि उघडलीही नाही. मुखपृष्ठावरची विहीर पाहून गोष्ट रचली आणि शेवटी नायकाला तिच्यात बुडवलं. एक म्हातारी पदरानं डोळे पुसू लागली. "रडू नको माय," शेजारची म्हणाली, "त्यो जित्ता हाय. म्या वाचलंय. गुरुजी, वाचून या आधी." बाया खो खो हसल्या. आठ दिवसांनी खरंच वाचून गेलो, माफी मागितली, खरा शेवट सांगितला. म्हातारी म्हणाली, "ह्यापरीस तुमचाच लई बरा हुता." हल्ली प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचतो, पण शेवट मनातल्या मनात बदलतो आणि त्याबद्दलही अपराधी वाटतं.