पान नंबर सांगणारा कंडक्टर

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरले. काही वयामुळे, काही मुद्दाम. सक्करदऱ्याच्या भाषणांचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात चूक कोणाची होती हे शोधायला बसलं की बोट फिरून माझ्याकडेच येतं.

तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची अल्लड मुलगी होते. पोलीस निरीक्षक म्हणून नुकतंच स्वतंत्र ठाणं मिळालं होतं. कोणतं ते सांगत नाही, नागपूरकरांनी ओळखायचं असेल तर ओळखावं. खांद्यावर तीन तारे आणि डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा मी ठाण्याच्या आतही घालत असे. त्यापायी एकदा लॉकअपच्या गजांवर कपाळ आपटलं होतं. त्याची नोंद कुठे नाही. माणूस दारातून आत आला की त्याच्या चालीवरून मला गुन्हा कळतो, असं मी ऐकेल त्याला सांगायची. नातीला परवा हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘आजी, तू इतकी आगाऊ होतीस?’ होते.

हिवाळी अधिवेशन संपून महिना झाला असेल. बंदोबस्त उठला होता, ठाण्याला जरा उसंत होती. सक्करदरा तलावाजवळ दर रविवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर उभं राहून भाषण करत. बसचे निवृत्त कंडक्टर. पक्ष नाही, झेंडा नाही, माईकही नाही. तीस वर्षं भरल्या गाडीत ‘पुढे सरका’ ओरडलेला गळा, माईक हवा कशाला? विषय कायम एकच: सरकारची उधळपट्टी आणि देशाच्या डोक्यावरचं कर्ज.

साध्या वेशातला आमचा माणूस अशा सभेला जातो आणि भाषण जसंच्या तसं उतरवून आणतो. त्याच्या वहीतला एक उतारा मला अजून पाठ आहे.

“गाडीत बसले कोन? आजचे मोठे लोकं. तिकीट कोनाच्या नावानं फाडून राहिले? जे अजून जन्मलेच नाही त्यायच्या! मी असं तिकीट फाडलं असतं तर मले सस्पेंड केलं असतं. अन् हे फाडते तर यायले हार घालता तुमी! हे सरकार अन् ते सरकार, दोघायनंही फाडलं. घरात पीठ नसताना पाहुण्यासाठी उधारीनं सोफा आनते त्याले आपन बयाड म्हनतो, येडा म्हनतो. मंग कर्ज काढून कमानी बांधते त्याले विकास काहून म्हनाचं गा?”

लोक हसत, टाळ्या देत. इथवर कोणालाच हरकत नव्हती. पण हे गृहस्थ प्रत्येक खर्चापुढे पान नंबर सांगत. कोणत्या बंगल्याचे पडदे, कोणत्या उद्घाटनाचा मांडव, सरकारी हिशेबाच्या कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावर. “खोटं असन तर पुढच्या रविवारी इथंच माहे कान पकडा,” असं वर आव्हान. पान नंबरानं वरच्या लोकांची झोप उडाली. नुसत्या शिव्या देणारा माणूस चालतो, पान नंबर देणारा चालत नाही.

सोमवारी आमचा खबऱ्या आला. पानठेलेवाला, कानाचा पक्का, डोक्याचा कच्चा. “मॅडम, नंबरासकट बोलते म्हनजे कागद आतून येते. त्याची पोरगी सरकारी हिशेबाच्या हापिसात कंत्राटीवर आहे ना!” पाठोपाठ वरच्या साहेबांचा फोन. गोपनीय कागद फुटले आहेत, मुलगी ताब्यात घ्या, बापाला गप्प करा. एका दगडात दोन पक्षी मारायची साहेबांना हौस होती, आणि गोफण मी.

मी वीस मिनिटांत निष्कर्षावर आले. त्यातली पंधरा चहात गेली.

बापलेकीला ठाण्यात बोलावलं. इथे मला स्वतःचा कान धरला पाहिजे. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हे मी नव्या उपनिरीक्षकांना टेबल ठोकून शिकवत असे. आणि मीच तिला ऑफिसच्या वेळेत, गणवेशातली माणसं पाठवून बोलावलं. माझे रायटर हवालदार, ठाण्याचं सगळं लेखी काम त्यांच्याकडे, दोनदा खोकले. मी त्यांना विचारलं, सर्दी झाली का?

मुलगी तिशीची, डोळे लाल, मान ताठ. बुधवारी तिचा करार संपत होता आणि नवा करार मिळायचा होता. पोलिसांनी उचलून नेलेली बाई परत कोण घेणार? घरात नियमित पगार तिचा एकटीचा.

कंडक्टरकाकांना मी विचारलं, “पुस्तकं कुठून आणली?”

“नाही सांगनार.”

“का?”

“तुमी त्याचं वाटोळं करसान.”

‘त्याचं’ म्हणाले, ‘तिचं’ नाही. कान उघडे असते तर तिथेच कळलं असतं. पण मला वाटलं, म्हातारा हुशार आहे, पोरीला वाचवायला शब्द फिरवतो.

“काका, मुलीला अटक होईल.”

“तिनं काई केलंच नाही त अटक कायची? तिकीट नसलेल्याले मी उतरवत होतो जी. तिकीट असलेल्याले कधी नाही उतरवलं.”

मुलगी एकदम फुटली. “बाबा, सांगून टाका ना! तुमचं भाषन तुमाले गोड, अन् नोकरी माही चालली! घरी येऊन देशाचं कर्ज फेडता काय तुमी?”

“वं बाई,” काका हळू आवाजात म्हणाले, “एका गरिबाचं नाव यायले देल्लं तर उद्या त्याचा ठेला उचलतीन. तुले मी सोडवीन. त्याले कोन सोडवीन?”

“मले सोडवान कसे? स्टुलावर उभे राहून?”

रायटर तिसऱ्यांदा खोकले. या वेळी हसू दाबायला.

मी दोघांना घेऊन नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी गेले. काकांनी स्वतः दिवाण उचलून दिला. खाली पुस्तकांचे सात गठ्ठे. मी मनातल्या मनात पदक लावून घेतलं. शेजारचे दोन पंच बसवले, आणि रायटर जप्तीचा पंचनामा लिहू लागले.

पंचनाम्याची एक रीत असते. ‘संशयास्पद कागदपत्रे’ असं लिहून चालत नाही. समोर जे दिसतं ते, जसं दिसतं तसं लिहायचं. रंग, आकार, खुणा, बांधणी. रायटर मोठ्यानं बोलत लिहायचे. “गठ्ठा क्रमांक एक. निळ्या कव्हरची पुस्तके. मुखपृष्ठावर छापील मजकूर...” इथे ते थांबले.

“वाचा की,” मी म्हणाले.

“‘विधानमंडळास सादर,’ मॅडम.”

“पुढे.”

“पुढं काय, सादर केलं म्हणजे झालं की जाहीर. हे कोणी चोरत नाही, हे वाटतात.”

“पुढचा गठ्ठा घ्या,” मी म्हणाले.

दुसऱ्या गठ्ठ्याला छापखान्याची सुतळी होती, गाठ मूळची, कधी न सुटलेली. तिसराही तसाच; काकांचं वाचन अजून पहिल्याच गठ्ठ्यात चाललेलं दिसत होतं. तिसऱ्यावर एका माननीय सदस्यांच्या नावाची चिठ्ठी आणि त्यांच्या मुक्कामाच्या खोलीचा नंबर. एक पुस्तक उघडायला गेलो तर पानं एकमेकांना चिकटलेली. छापून आल्यापासून त्यांच्यात वारा शिरला नव्हता. आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. साडेचार. पाच. सव्वातीन. मला तो गुप्त संकेत वाटला. खरंच वाटला, हसू नका.

रायटरनी एक गठ्ठा हातात धरून जोखला. “मॅडम, हे किलो आहेत. रद्दीचे.”

काकांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मुलीनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला वाटलं चष्मा काढावा. काढला.

रद्दीवाला कोपऱ्यावरच होता. गणवेश पाहून तो तराजू टाकून ठेल्यामागे गेला. काका माझ्याआधी पुढे झाले. “घाबरू नको गा. बाई समजदार झाली आता.” आता, म्हणाले.

“हर साल निकलते जी,” रद्दीवाला म्हणाला. “अधिवेशन संपलं का आमदारायच्या खोल्यायतून येते. सुतळी भी नाही सोडत कोनी. कागद भारी, वजन चांगलं भरते. काका म्हने, मले दे, मी वाचीन. मी म्हनलं, घ्या बाप्पा, कोनी तरी वाचा.”

त्याचं म्हणणं लिहून घेतलं, अंगठा नको म्हणाला, सही केली. पाच वाजायच्या आत सगळं संपलं होतं. देशाचं गुपित रद्दीच्या भावानं मिळत होतं, आणि ते विकत घेऊन वाचणारा एकच माणूस निघाला होता. त्यालाच आम्ही पकडलं.

ठाण्यात परतून वरच्या साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ठीक आहे, ठीक आहे. तरी मुलीला दोन दिवस अटकेत दाखवा. म्हाताऱ्याला धडा मिळेल. नंतर सोडून देऊ.”

माझ्या अंगात त्या दिवशी प्रथमच पोलीस शिरला असावा. मी म्हणाले, “हो साहेब. आपला आदेश स्टेशन डायरीत घेते. नाव, हुद्दा आणि वेळ लिहिते. पाच वाजून दहा मिनिटं लिहू?”

ठाण्यात पडलेलं प्रत्येक पाऊल डायरीत जातं, आणि डायरीचं पान फाडता येत नाही. हे साहेबांनाही माहीत होतं.

“तुम्हाला योग्य वाटेल ते करा,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. तेही मी डायरीत घेतलं. वेळेसकट.

मुलगी बाकावर बसली होती. तिच्यासमोर जाऊन मी म्हणाले, “चूक झाली आमची. माफ कर, बाळा. जा घरी.”

ती उठली नाही. “मॅडम, उचलून नेलं ते सगळ्या हापिसनं पाहिलं. माफी कोनी ऐकली? हापिसच्या साहेबानं फोन करून सांगितलं, पोलिसायचा कागद आन, नाही त बुधवारी येऊ नको. तुमची माफी मी त्यायले कशी दाखवू? लिहून द्या.”

असा कागद पोलीस देत नाहीत. माणसानं काय केलं हे लिहायचे छापील नमुने आमच्याकडे ढीगभर; काहीच केलं नाही हे लिहायचा एकही नाही. रायटर म्हणाले, “मॅडम, याला नमुना नाही.” मी म्हणाले, “कोरा कागद आहे ना?”

मी स्वतःच्या हातानं लिहिलं. सदर महिलेस चुकीच्या माहितीवरून ठाण्यात बोलावण्यात आले. तशा प्रकारे बोलावणे नियमास धरून नव्हते. तिच्याविरुद्ध काहीही आढळले नाही. पुस्तके जाहीर आहेत आणि ती वाचणे हा गुन्हा नाही. खाली सही, हुद्दा, गोल शिक्का. तिनं दोनदा वाचलं, तारीख राहिली होती ती माझ्याकडून घालून घेतली, आणि बापाला म्हणाली, “चला. अन् रविवारी जरा कमी बोला.”

बुधवारी तिला नवा करार मिळाला. रविवारी काका स्टुलावर होतेच. या वेळी त्यांनी आम्हालाच धरलं. एका म्हाताऱ्याचं ऐकायला एक गाडी, चार शिपाई आणि एक मॅडम, हा खर्च कोणत्या पानावर टाकता? वहीवाल्या शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही, शब्द न् शब्द लिही.

देशाचं कर्ज वाईट की चांगलं, ते मला आजही नीट कळत नाही. त्या पुस्तकांपैकी एक मी मागून आणलं होतं; दहाव्या पानाशी झोप लागली. पण एवढं कळलं, की सरकारनं छापलेलं वाचून सरकारलाच मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस गुन्हेगार वाटायला लागला, तर चष्मा काळा आहे असं समजावं आणि काढून ठेवावा. उरलेल्या नोकरीत मी कोणाच्या चालीवरून काही ओळखलं नाही. समोर दिसेल ते लिहीत गेले. बढती पुन्हा मिळाली नाही, तिचं दुःखही फार नाही.

त्या कागदाची एक प्रत साहेबांपर्यंत पोचली. दोन महिन्यांनी माझी बदली नियंत्रण कक्षात झाली आणि सोबत मेमो आला: असे पत्र कोणत्या अधिकारात दिले, याचा सात दिवसांत सविस्तर खुलासा करावा. सहा दिवस मी विचार केला, रायटरनी चार मसुदे करून दिले, नम्र, अतिनम्र. सातव्या दिवशी मी एका ओळीचा खुलासा पाठवला.

“पत्रातील मजकूर खरा आहे.”