अण्णांना चेंडू दिसला पाहिजे

"चार दिवसांनी जातो मी," असं माझे वडील माझ्याकडं आल्या दिवसापासून म्हणत होते. दुष्काळाचं साल. गावी पिशोरला आमची विहीर आटलेली, आई आधीच गेलेली, आणि अण्णा तिथंच एकदा उन्हात चक्कर येऊन पडलेले. पुन्हा ऊन लागलं तर हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. तरी यांचं टुमणं एकच. लेकीच्या घरी बापानं किती दिवस राहायचं? लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या जुन्या वळणाचा माणूस! अहो, गावातच पाणी नाही तर पिणार कुठलं? पण मी काही बोलत नसे, बोललं की हट्ट वाढतो. रोज सकाळी मला धास्ती, आज उठतील आणि बस धरतील.

त्यांना गुंतवून ठेवायचं म्हणून मी मोठा टीव्ही घ्यायचं ठरवलं. क्रिकेट म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आमच्या जुन्या डबड्यावर त्यांना चेंडू दिसत नव्हता. त्यांना घेऊनच जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. बाहेर अंगाची लाही, आत एसीचा गारवा. एलसीडीवर चेंडूला शेपूट फुटायचं, आणि जरा कडेला सरकलं की रंग फिके. एलईडी लग्नाच्या मांडवासारखा झगझगीत, अण्णांनी डोळेच मिटले. प्लाझ्मावर मात्र काळं ते काळं, आणि कुठूनही बघा, चित्र तेच.

"अण्णा, चेंडू दिसला का?"

"व्हय, त्याची शिवण बी दिसली की!"

झालं, माझं ठरलं. आमचे हे कानाशी कुजबुजत होते, "एलईडी घे. प्लाझ्मा वीज खातो आणि तापतोही." मी म्हटलं, "तुम्ही टीव्ही शेकायला घेताय की बघायला?"

घरी आणल्यावर कळलं की बैठकीच्या खोलीचं तोंड पश्चिमेला. दुपारी प्लाझ्माच्या काचेत खेळाडू कमी आणि आमची खिडकीच जास्त. मग खिडकी लावून पडदे ओढून घ्यायचे असं ठरलं. कूलर होता, पण त्याच्या टाकीत ओतायला पाणी आणायचं कुठून? नळाचा भरवसा नव्हता, टँकर आला की गल्लीतल्या बायका हातघाईवर यायच्या. अण्णा मात्र दिवसभर टीव्हीसमोर. जाण्याची भाषा कमी झाली आणि मी मनातल्या मनात म्हटलं, जिंकलं बाई!

एका दुपारी ऑफिसातून लवकर आले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ. टीव्हीत प्रेक्षकांचा आरडाओरडा आणि अण्णा सोफ्यावर कलंडलेले. अंग भाजत होतं, कोरडं ठाक, घामाचा टिपूस नाही. हाक मारली तर ओठ हलले, शब्द फुटेना. टीव्हीचं बटण बंद करताना त्याच्या पाठीला हात लागला, चांगलाच चटका बसला. खिडकी उघडली आणि स्वयंपाकघरात धावले. हंड्यात पिण्याचं पाणी होतं, घरात तेवढंच. सगळं त्यांच्या डोक्यावर ओतलं. शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं, रिक्षात घातलं. वाटेत ओला पदर त्यांच्या छातीवर दाबून धरला होता आणि आठवेल त्या देवाचं नाव घेत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते नीट बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोकं भडकलं.

"एवढं उकडत होतं तर टीव्ही बंद करता येत नव्हता? खिडकी उघडता येत नव्हती? कुक्कुलं बाळ आहात का?"

अण्णा वरच्या पंख्याकडं बघत म्हणाले, "बंद केला आस्ता तर तुला वाटलं आस्तं, म्हाताऱ्याला इथं करमत नाय. मग तू म्हणली आस्तीस, जावा गावाला."

"मी? मी कशाला असं म्हणेन?"

"मंग ऱ्हावा असं तरी कवा म्हणलीस, माय? मी रोज जातो म्हणायचो, तू रोज गप. वाटायचं, आज तरी आडवशील."

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई माझ्याकडं टक लावून बघत होती, बघू दे. सुई टोचलेला त्यांचा हात मी धरला आणि म्हटलं, "अण्णा, कुठं जाऊ नका. माझ्याजवळ ऱ्हावा."

"बरं," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले.