डिचोलीच्या डंपावर, वैशालीच्या एटीव्हीमागे चालत

गोव्याला जायचं ठरवलं ते समुद्रासाठी नव्हे. माझी धाकटी बहीण वैशाली लग्नानंतर डिचोलीत असते, बोलतेही आता तिकडचंच. बंद खाणीच्या मातीच्या डोंगरावर, म्हणजे डंपावर, झाडं लावायच्या कामात ती एटीव्ही चालवते. मोटरसायकलसारखं हँडल आणि जाड टायरची चार चाकं असलेली गाडी. गेल्या वर्षी ती गाडी उतारावर उलटली आणि वैशालीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बरी होऊन ही बाई पुन्हा त्याच गाडीवर! तिला या कामातून काढायचंच, असं ठरवून मी कोल्हापुरात एसटी पकडली.

आंबोली घाटासाठी खिडकीची जागा धरा. म्हापशाला उतरलं की डिचोलीची बस सहज मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पातळ भाजी नि पाव खाऊन आम्ही डंपावर पोचलो. लाल उतारावर करंज आणि जांभळाची कमरेएवढी रोपं उभी होती.

वैशालीने हेल्मेट घातलं, टायर दाबून पाहिले, पाण्याचे कॅन घट्ट बांधले. मी मागे बसायला गेले.

"नको गो ताई! ही एकट्याचीच गाडी. मागे वजन झाला की चढावर पुढची चाका उचालतत."

मी मागून चालत निघाले. अर्ध्यावर वाट खचलेली. सोबत काम करणारे दामूदादा म्हणाले, "उतारावरसून आडवी काढ गो. वर रोपां सुकतत."

वैशाली उतरली, पायाने माती दाबत थोडं चालून आली. ती सुटत होती.

"नाय दादा. गेल्या वर्षी अशीच आडवी काढलंय आणि पडलंय."

दादा चिडले, दोन कॅन उचलून पायीच वर गेले. तिने गाडी मागे घेतली आणि लांबच्या वाटेला लावली. आम्ही वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काही रोपांनी माना टाकल्या होत्या, पण ती जगणार होती.

दादांनी कॅन उतरवायला हात लावला. "पाणी पोचला, तूय पोचलंस. बरा झाला."

संध्याकाळी मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटता तर! म्हणानच उतरान बघतंय."

काम सोड, असं मी म्हटलंच नाही.

घरी परतल्यावर काळजी मिटली असं नाही. तिचा फोन आला की अजून हातातलं काम टाकून धावते. परवा मीच केला. "मागीर बोलूया गो, दोन बायका गाडी शिकूक इल्यात," म्हणाली आणि फोन बंद करायलाच विसरली. मीही केला नाही. कितीतरी वेळ तिचा आवाज ऐकत राहिले, "सावकाश... घाबरू नको... हां, अशीच!"