याला काय देतात?

माझा स्वभाव तिखट आहे, हे आधीच सांगते. सातपुड्यातल्या मोलगीच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीशी बसते आणि माणसं माझ्याशी कामापुरतंच बोलतात. चूक त्यांची नाही.

सोबतीला एक जुनं पुस्तक आहे, राक्षसांचं. पुण्यात शिकताना आम्ही चौघी एक खेळ खेळायचो. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काय घडलं ते फाशांनी ठरवायचं. वाटेत आडवं कोण येणार, ते या पुस्तकात. काळ्या शाईची वेडीवाकडी चित्रं, खाली आकडे: कातडी किती जाड, जीव किती, एका वेळी किती भेटतात. पुढे नोकऱ्या लागल्या तरी फोनवर खेळ चालू राहिला. इथे मात्र रेंज ऐन लढाईत जायची. शेवटी एका मैत्रिणीचा मेसेज आला: तुझी योद्धी दुसरीला दिली, राग मानू नकोस, आणि पुस्तक पाठवून दे, तिथे एकटीला काय उपयोग?

राग मानला. धुळ्याला आईला फोन केला तर ती म्हणे, “तू काय धाकली पोर शे का आते?” मी फोन ठेवला आणि पोटभर रडले. पुस्तक गेलं की आपला खेळ संपला, एवढं कळत होतं. तरी पाठवायला म्हणून ते दवाखान्यात घेऊन आले, वर्तमानपत्र आणि सुतळीसकट.

दुपारी रांग ओसरली. अँब्युलन्सचा ड्रायव्हर, इथल्याच एका पाड्यावरचा, चहाचा ग्लास घेऊन आला आणि पुस्तकाची पानं उलटायला लागला. “मॅडम, हे कुठल्या जंगलातले?” मला खेळायला माणूस हवंच होतं. त्याला तिथेच बसवलं. खिंड आहे, खिंडीत हा बसलाय, तुमच्या हातात तलवार. काय कराल?

त्याने चित्र नीट पाहिलं. “याला काय देतात?”

“काही देत नाहीत. मारतात.”

“असं कसं मॅडम? हद्द त्याची आहे. आम्ही वाघदेवाला आधी देतो, मग रानात जातो.” त्याने खेळातल्या खिंडीच्या तोंडाशी कोंबडा ठेवला, म्हणाला, आता मी दोन पावलं मागे उभा.

मी चिडून नियम शोधायला लागले, आणि सापडला. राक्षस भेटला की आधी दोन फासे टाकायचे, तो कसा वागतो ते बघायला. आठ वर्षांत आम्ही चौघींनी ते पान कधी वापरलंच नव्हतं. दिसला की तलवार. फासे टाकले. अकरा पडले, म्हणजे सलोखा. राक्षस बाजूला झाला.

ड्रायव्हर हसला नाही. “एकटाच राहतो का हा?”

“पुस्तकात एकच लिहिलाय.”

“मग याच्याकडे जो जातो तो मारायलाच जातो. चावणारच की.” तेवढ्यात कॉल आला आणि तो गाडी घेऊन गेला. मी मग पुस्तक बांधून टाकलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर फडक्यात बांधलेली मक्याची भाकर होती, वर मिरचीची चटणी. ठेवणारा दोन पावलं मागे, भलतीकडे बघत उभा होता.

मी भाकर खाल्ली. पुस्तकाची सुतळी सोडून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हटलं, “या भाऊ, खिंडीच्या पलीकडचं बाकी आहे.”